कजाग

आमच्या शाळेत टिपणीसबाईंना मुलं पाठीमागे ‘कजाग बाई’ म्हणायची. असलं नाव शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचलं की माणूस एक तर डोळे पुसतो, नाही तर मुख्याध्यापकांकडे जातो. बाई खूश झाल्या. डब्यातली मटकी तशीच ठेवून त्यांनी आम्हा सगळ्यांना जाहीर केलं, “कजाग म्हणजे कोण माहितीये का? कझाक! आपल्या खानाला कंटाळून घोड्यावर टांग टाकून जो निघून गेला, तो कझाक. कुणाचंही न ऐकणारा मोकळा गडी. पोरांनी नकळत केवढी पदवी दिलीय मला!”

मी मराठी शिकवते. शब्दांच्या बाबतीत इतिहासवाल्यांनी लुडबूड केलेली मला खपत नाही. मी म्हटलं, “बाई, कजाग आला कज्जावरून. कज्जा म्हणजे भांडण. अरबी शब्द आहे. त्यात तुमचा घोडा कुठेच नाही.”

“कज्जावरून कज्जेदलाल होतो. मग शेवटी हा ‘ग’ कुठून टपकला?”

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. कोश उघडले तरी कोशवाले दोन्हीकडे मान हलवतात. हा कज्जा आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. बाई आता नाहीत, त्यामुळे यापुढे तो माझ्या बाजूने लागला तरी त्यात काही मजा उरलेली नाही.

बाई इतिहास शिकवायच्या, पण त्यांचा जीव मध्य आशियातल्या तुर्कांवर होता. शाळेच्या पुस्तकात हे तुर्क एखाद्या वाक्यापुरते येतात. येतात, स्वारी करतात, आणि पुढच्या धड्यात आणखी कोणी येतं. नोकरीच्या पहिल्यापहिल्या दिवसांत जासईच्या एका मुलीने वर्गात उभं राहून विचारलं होतं, “बाई, ते हितं यायच्या आदी काय करत व्हते? नुसते घोड्यावर बसून वाट बघत व्हते काय?” वर्ग हसला. बाईंना उत्तर येत नव्हतं, म्हणून त्या हसल्या नाहीत. उद्या सांगते म्हणाल्या. “तेव्हापासून मी जी त्या गवतात शिरले, ती काही बाहेर आले नाही,” असं त्या म्हणायच्या.

गवत म्हणजे हंगेरीपासून मंचुरियाच्या डोंगरांपर्यंत पसरलेलं ते अफाट गवताळ मैदान. त्याचा नकाशा बाईंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी लावलेला होता आणि त्यावर फोडणीचे डाग होते. गोकतुर्क या जुन्या तुर्कांच्या राज्यावर मोहरी, त्यांच्या मागून आलेल्या उयघुरांवर हळद. पासपोर्ट काढायचं त्यांच्या मनात कधी आलंच नाही. उरण नाक्यावर मेथीची जुडी निवडता निवडता त्या उयघुरांची राजधानी जळाल्याचं सांगायच्या. फिरते लोक ते, एका जागी स्थिरावले, तट बांधला, बागा केल्या, आणि किरगिझांनी येऊन सगळ्याची राख केली. हे अशा हळहळीने की भाजीवाली पोरगी विचारायची, “कवा झाला ह्ये? पेपरात नाय आला.”

आपल्या रोजच्या बोलण्यात तुर्की माल किती आहे हे दाखवायचा त्यांना छंद होता. उर्दू म्हणजे मुळात छावणी. चकमक त्यांची, तोफ त्यांची. मशालची, तोफची, खजानची यांतली ती ‘ची’सुद्धा त्यांचीच, अमुक काम करणारा अशा अर्थाची. हे त्यांनी वर्गात इतक्यांदा सांगितलं की चाचणीत प्रश्नच घातला: तोफची म्हणजे कोण? एका मुलाने लिहिलं, “तोफची ही षष्ठी आहे. तोफेची काय ते प्रश्नात दिलेले नाही.” बाईंनी तो पेपर माझ्यापुढे आपटला. “हे तुझं पाप आहे, सुनीता!” मी त्या मुलाला माझ्या विषयात पूर्ण मार्क दिले असते.

एक गोष्ट मात्र त्यांना खपायची नाही. कुणी चेंगीझखानाला तुर्क म्हटलं की त्या भडकायच्या. “तो मंगोल! मंगोल वेगळे, तुर्क वेगळे. आपल्याला कुणी गुजराती म्हटलं तर चालेल का?” हे ठाऊक असल्यामुळे त्यांचे यजमान, म्हणजे टिपणीसकाका, पाहुण्यांशी त्यांची ओळख “ही आमची चेंगीझखान” अशीच करून द्यायचे. काका तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचे. शांत, मिश्कील माणूस. बायको कझाकांवर बोलायला लागली की ते तिच्या हातातली पोळी काढून घ्यायचे आणि तव्यावर स्वतः भाजायचे.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्यामुळे त्यांचं स्थलांतर मला डोक्यावर ऐकू यायचं. हो, स्थलांतरच. त्या गवतातल्या लोकांचं उन्हाळ्यात एका कुरणावर बिऱ्हाड आणि थंडीत दुसऱ्या. बाईंच्या दोन खोल्यांच्या घरातही तसंच. गुढीपाडव्याला पलंग, कपाट, देवसुद्धा पूर्वेच्या खोलीतून पश्चिमेच्या खोलीत, आणि दिवाळीनंतर सगळं परत. दोघांना मिळून उचलत नाही असं काहीही त्या घरात घ्यायचे नाहीत. सोफा नव्हताच. “खाडीकडचा वारा पाडव्यानंतर या बाजूने येतो, मग आपण त्या बाजूला बसून घाम का पुसायचा?” हे ऐकायला वेडगळ वाटायचं. एका एप्रिलमध्ये त्यांच्याकडे जाऊन बसल्यावर मला ते अजिबात वेडगळ वाटलं नाही. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही, नाही तर त्यांनी माझंही कपाट हलवलं असतं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं, आणि अध्यक्षपद सोडायला पाटील तयार नसतात. पाटलांचे टेम्पो आहेत, आवाज मोठा आहे, मन त्याहून मोठं आहे. एका सभेत ते पुन्हा उभे राहिले तेव्हा बाई कुठल्याशा सत्कारात मिळालेली शाल हातात घेऊन उठल्या. म्हणाल्या, “गोकतुर्कांत नव्या खागानाला, म्हणजे राजाला, गादीवर बसवताना त्याचेच सरदार त्याच्या गळ्याभोवती रेशमी फास आवळायचे. पार डोळे पांढरे होईपर्यंत. आणि मग विचारायचे, किती वर्षं राज्य करणार? अर्धवट शुद्धीत तो जो आकडा पुटपुटेल, तेवढीच त्याची कारकीर्द. मला वाटतं आपल्या पोटनियमांत हे घालावं.” एवढं बोलून त्या शाल पिळत पाटलांच्या दिशेने निघाल्या. पाटील खुर्चीसकट मागे सरकले. “आवो बाई, गळा सोडा! आमी एकच वर्स बोलतो, जास्त नाय!” सभेचं इतिवृत्त त्या साली पहिल्यांदा लोकांनी आवडीने वाचलं. पाटील अजून अध्यक्ष आहेत.

आणि मुलांना त्यांनी काय काय दाखवलं! दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन आपल्याकडे खाली उतरतात. शिरढोणच्या अलीकडे एका कापणी झालेल्या शेतात त्यांचा तळ पडला होता. बाई आठवीचा वर्ग घेऊन तिथे गेल्या, आणि मुलं आवरायला मला नेलं. घोड्यावर सामान चढवणाऱ्या एका धनगर बाईला त्यांनी विचारलं, “निघताना आधी काय भरता?”

“आदी काय बी भरा. पर चूल समद्यात शेवटी इझवायची,” ती म्हणाली. “आन् पोचलं की पयली तीच पेटवायची. मंग जनावर बी गप बसतं, पोर बी.”

बाईंनी मुलांकडे वळून बघितलं. इतका उजळलेला चेहरा मी कुठल्याही आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फोटोत पाहिलेला नाही.

मग दोघं निवृत्त झाली, आणि काकांचं विसरणं सुरू झालं.

आधी नावं गेली, मग रस्ते. मग एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला काका पायात चपला घालून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, “चला, घरी जायचंय.” बाई म्हणाल्या, “अहो, हेच घर.” ते ऐकेनात. रोज तीच वेळ, तेच वाक्य. बाईंनी फोटो दाखवले, विजेचं बिल दाखवलं, त्यावरचं त्यांचंच नाव वाचून दाखवलं. काका रागावायचे. आयुष्यात ज्या माणसाने आवाज चढवला नव्हता तो “मला डांबून ठेवलंय!” म्हणून ओरडायचा, आणि खाली मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. एकदा बाई आंघोळीला गेलेल्या असताना ते निघून गेले. पाटलांच्या ड्रायव्हरला हमरस्त्याच्या कडेला सापडले.

त्यांचा मुलगा पुण्याहून धावत आला. मुलगा चांगला आहे, हे सांगितलं पाहिजे. त्याने चौकशी करून ठेवली होती. तळेगावच्या बाजूला अशा माणसांची नीट देखभाल करणारी एक जागा होती. “आई, तुला हे झेपणार नाही. बाबांना तिथे ठेवू, तू माझ्याकडे चल.” बाई म्हणाल्या, “मी अजून आहे.” विषय तिथेच थांबला, पण मिटला नाही. काकांना आपल्याजवळ ठेवायचं, एवढी एकच गोष्ट बाईंना त्यानंतर हवी होती.

पुढच्या संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. बाई दारात, मागे काका. बाईंच्या एका खांद्यावर गुंडाळलेली सतरंजी, दुसऱ्यावर पिशवी. मला डोळ्यांनी गप्प करत त्या म्हणाल्या, “आमचा आज तुझ्या गॅलरीत तळ आहे.” सतरंजी पसरली. पिशवीतून छोटा स्टोव्ह, भांडं, चहापत्ती काढली. सगळ्यात आधी चहा टाकला. आलं किसल्याचा वास सुटला तसे काका खांदे सैल सोडून बसले, कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “आलो बाबा एकदाचे.”

काकांना पुन्हा वर नेऊन झोपवल्यावर त्या खाली आल्या. “मी उगाच भांडत होते गं त्यांच्याशी,” म्हणाल्या. “ते काही चुकीचं बोलत नव्हते. तळ हलवायची वेळ झाली एवढंच सांगत होते. आयुष्यभर मी हेच शिकवलं आणि घरातलं माणूस बोललं तेव्हा मला कळलं नाही.”

त्यानंतर रोज तळ हलला. कधी गच्चीवर, कधी वडाळे तलावाच्या काठी, कधी पाटलांच्या तळमजल्यावरच्या ओट्यावर, कधी चौथ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडात, ज्यांना बाई फक्त जिन्यात भेटल्या होत्या. सुरुवातीला इमारतीत कुजबुज झाली. हळूहळू लोकच विचारायला लागले, “काकू, उद्या आमच्याकडे येता का?” पाटलीणबाई तर त्या दिवशी ओट्यावर सारवल्यासारखं पाणी मारून ठेवायच्या. चहा मात्र बाईच करायच्या, ज्याच्याकडे तळ त्याचा चालायचा नाही. चहा झाला की काका इकडेतिकडे बघून समाधानाने मान हलवायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचे, “चला, घरी जाऊ.” मग वरात दुसऱ्या मजल्यावर परत. घर तेच, पण आता ते चालत येऊन पोचलेले असायचे, आणि आत शिरताना कुरकुर करायचे नाहीत.

मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि भीतीही वाटायची. त्यांचे गुडघे गेले होते. सतरंजी उचलताना त्या भिंतीला हात लावायच्या आणि कुणी बघत नाही ना ते पाहायच्या. मी सतरंजी घ्यायला गेले की, “राहू दे. दोन हातांनी उचलतंय अजून.”

आणि मग उचलेना. बाई गच्चीच्या जिन्यात पडल्या आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आल्या त्याच आठवड्यात काका पुन्हा निसटले. या वेळी रिक्षा करून तळोज्याला, आपल्या जुन्या कारखान्याच्या गेटवर, सेकंड शिफ्टला आलोय म्हणून. तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना पाणी देऊन बसवलं म्हणून बरं. त्यांना शोधत आम्ही सगळे फिरत होतो तेव्हा बाई गॅलरीत एकट्या उभ्या होत्या. प्लॅस्टरचा हात कठड्यावर ठेवून. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हातारं झालेलं पाहिलं.

मुलगा आला. त्याने विषय काढायच्या आत बाईच म्हणाल्या, “तुझी ती जागा बघ.” आणि पाठोपाठ, “दोघांची.”

“आई, तुला काय झालंय? तू माझ्याकडे राहा, रोज जाऊन भेटू त्यांना.”

“संध्याकाळी दिवे लागताना तिथे कोण असणार आहे त्यांच्याजवळ?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. बाईंना जरा हसवावं म्हणून मी विचारलं, “तुमच्या त्या गवतात अशा वेळी काय करायचे हो?”

त्या म्हणाल्या, “खातून लोकांचं लिहिलंय. राण्या होत्या ना. त्यांचे तंबू, त्यांचे घोडे, सगळं आहे. पण एखाद्या साध्या तंबूतला नवरा असा भ्रमिष्ट झाला तर त्याच्या बायकोने काय केलं, हे कुणी कुठल्याच दगडावर लिहून ठेवलेलं नाही गं. मी पुष्कळ शोधलं.” मग डोळे पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “पाटलांना विचार, टेम्पो कधी मोकळाय.”

निघण्याच्या सकाळी सगळी इमारत खाली उतरली होती. सामान थोडंच होतं. पाटील स्वतः टेम्पो घेऊन आले आणि ड्रायव्हरवर उगाच खेकसत राहिले. रडू आलं की ते असंच करतात. पाटलीणबाईंनी बाईंची ओटी भरली. बाई म्हणाल्या, “अगं, या वयात?” आणि पदर पुढे केला. मुलाने काकांना गाडीत मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. बाई माझ्याजवळ आल्या. घराची किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “महिन्यातून एकदा खिडक्या उघड. आणि कज्जा वगैरे काही नाही, कळलं?” त्यांनी माझ्या गालावर प्लॅस्टरमधून नुकताच सुटलेला, बारीक झालेला हात ठेवला आणि गाडीकडे गेल्या.

त्यानंतर फोन पुष्कळ झाले. भेट झाली नाही. नोव्हेंबरात जाऊ असं मी ठरवत होते, आणि बाई त्याआधीच, भर पावसाळ्यात, झोपेत गेल्या. काका अजून तिथे आहेत. म्हणून मला शेवटची आठवतात ती ही गाडीजवळची पाच-दहा मिनिटं.

बाई आत बसल्या. मुलाने गाडी सुरू केली. तेवढ्यात काकांनी काच खाली करायला लावली, मान बाहेर काढून वर पाहिलं आणि दुसऱ्या मजल्याकडे बोट केलं.

“अगं, ते आपलं घर ना?”

किती दिवसांत त्यांनी ते ओळखलं नव्हतं! पाटील बोलता बोलता थांबले. मुलाने गाडी बंद केली आणि मागे वळून आईकडे बघितलं. “आई... थांबायचं का?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या काकांकडे बघत होत्या. “हो,” त्या म्हणाल्या. “आपलंच.”

काकांनी अजून एकदा वर पाहिलं. पूर्वीचा, शिफ्टला निघताना असायचा तो चेहरा होता. “कुलूप लावलंस?”

“लावलं.”

“ओढून बघितलंस?”

बाईंनी ओढून बघितलं नव्हतं. “नाही,” म्हणाल्या.

“मग?”

बाई गाडीतून उतरल्या. आम्ही सगळे म्हटलं, आम्ही बघतो, तुम्ही बसा. मुलगा पुढे झाला, पाटील पुढे झाले. त्यांनी नुसता हात वर केला. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा असं करत त्या जिना चढून वर गेल्या. काका मान बाहेर काढून वाट बघत होते. वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

त्या तितक्याच सावकाश खाली आल्या, काकांच्या शेजारी बसल्या आणि दार लावून घेतलं.

“बघितलं ओढून,” त्या म्हणाल्या. “चला आता.”